एसएपी पेरोल सर्टिफिकेशनचा रेकॉर्डेड कोर्स: पीसीआर भारी, बाकी ठीकठाक

एसएपी, म्हणजे कंपन्या वापरतात त्या सॉफ्टवेअरमधल्या पगाराच्या भागाचा हा कोर्स मी खरंतर फक्त पीसीआरसाठी घेतला, म्हणजे पीई०२ या स्क्रीनवर पगार मोजायचे रूल लिहायचा भाग, आणि तो एक नंबर शिकवलाय. सर ऑपरेशन्स (रूलमधल्या कमांड) पाठ करायला लावत नाहीत, आधी कागदावर डिसिजन ट्री काढायला लावतात, कुठला एम्प्लॉयी सबग्रुप (कर्मचाऱ्यांचा गट), कुठला वेज टाइप (बेसिक, ओव्हरटाइमसारखा पगारातला घटक), आणि मगच मल्टी एनआरए हे ऑपरेशन वापरून तास गुणिले रेट करून रक्कम काढायची. एडीडीडब्ल्यूटी (वेज टाइप आउटपुट टेबलात टाकणारं ऑपरेशन) लिहायचं राहिलं की पीआयटी (रूल चालवणारं फंक्शन) झाल्यावर तो वेज टाइप गायबच होतो, हे पेरोल लॉग उघडून आयटी (इनपुट) आणि ओटी (आउटपुट) टेबल शेजारी शेजारी ठेवून दाखवलंय, नुसत्या व्याख्या वाचण्यापेक्षा शंभरपट बरं!

स्कीमाचा (पगार मोजायच्या पायऱ्यांची यादी) भाग मात्र उरकलाय. रेट्रो (मागच्या महिन्यांचा पगार पुन्हा मोजणं) तर जेमतेमच. सराव प्रश्नात उत्तर चुकलं तर का चुकलं ते सांगत नाहीत, नुसती लाल फुली, जाम चिडचिड होते. आवाजही मधेच बारीक होतो, हेडफोन लावूनच बसा. प्रॅक्टिसला सिस्टीम देत नाहीत, ती तुमची तुम्ही बघा. इन्फोटाइप (कर्मचाऱ्याची माहिती भरायचे फॉर्म), वेज टाइप आधीच माहीत असतील तर डोळे झाकून घ्या, अगदीच नवीन असाल तर सध्या नको.