‘कडा कापल्यात, म्हणून स्वस्त’ : ६४० डॉलरला पडलेलं विली मेजचं कार्ड

गेल्या महिन्यात माझे ६४० डॉलर गेले. आठ दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. आता लिहितोय, कारण इथल्या आपल्या मंडळींची बरीच मुलं सध्या बेसबॉल कार्डांच्या मागे लागली आहेत आणि त्यांचे आईबाप माझ्यासारखेच सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन कार्ड शोला जातात.

मध्य न्यू जर्सीत, आमच्यापासून अर्ध्या तासावर, एका फायर हाउसच्या हॉलमध्ये दर महिन्याला असा शो भरतो. तीन डॉलर तिकीट, चाळीसेक टेबलं. महागड्या मालाच्या वाटेला आम्ही जात नाही. बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२चं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते जग वेगळं. आम्ही शोधतो कोपरे झिजलेली, घडी पडलेली, फारशा कुणाला आठवत नाहीत अशा खेळाडूंची कार्डं. तीन-चार डॉलरमध्ये सत्तर वर्षांपूर्वीचा पुठ्ठा हातात येतो. बिग फन बबलगमची क्रिकेटची कार्डं मी लहानपणी पत्र्याच्या डब्यात जपायचो. तसाच डबा आता माझ्या मुलाकडे आहे.

त्या रविवारी कोपऱ्यातल्या टेबलावर साठीचा, अगदी मऊ बोलणारा माणूस बसला होता. त्याच्या खोक्यातून आम्ही ११ कार्डं काढली, १९५२ आणि १९५३ची, चार डॉलरला एक. ४४ झाले, त्याने ४० घेतले. ही अकराही कार्डं अस्सल आहेत, हे मुद्दाम सांगतो. आधी खरा माल द्यायचा, दोन पैसे सोडायचे, पोराचं कौतुक करायचं, आणि मग टेबलाखालून दुसरा डबा काढायचा.

त्या डब्यात बेसबॉलचा दिग्गज विली मेज याचं कार्ड होतं. १९५२चं टॉप्स, नंबर २६१. मधोमध घडी, कोपरे गोल झालेले, पाठीमागे खालच्या बाजूला बोटभर कागद खरवडून निघालेला. म्हणाला ९००. इतकं फाटकं असलं तरी हे कार्ड त्याहून कितीतरी जास्त किमतीचं आहे, एवढं मला माहीत होतं. आणि तिथेच मी अडकलो.

मुलगा माझा हात ओढून म्हणाला, “बाबा, हे आपल्या कार्डांपेक्षा छोटं आहे.”

अकरा वर्षांच्या पोराला दिसलं. मी विचारलं, तर तो माणूस शांतपणे म्हणाला, “कुणीतरी कडा कापल्यात, म्हणूनच तर या भावात देतोय.” झिजलेले कोपरे तीक्ष्ण दिसावेत म्हणून लोक कडा कापतात, हे या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मला उत्तर पटलं. मी मुलाला म्हणालो, “थांब जरा, मोठी माणसं बोलतायत ना.” हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

कारण कडा कापल्या असत्या तर पांढरी किनार गेली असती. १९५२ ते १९५६ची टॉप्स कार्डं पावणेचार इंच उंच असतात, १९५७ पासून साडेतीन. उंचीत पाव इंच कापलं गेलं म्हणता, मग वर-खाली पांढरी पट्टी शाबूत कशी? चित्र, नाव, किनार, सगळं जागच्या जागी होतं, फक्त लहान. आणि कोपरे नीट दिसावेत म्हणून कापलेल्या कार्डाचे कोपरे गोल कसे असतील? माझ्या पिशवीत त्याच वर्षाची अस्सल कार्डं होती. एक काढून वर ठेवायचं होतं, बस.

टॉप्सनेच १९८३ मध्ये ५२चा संच नव्या, लहान मापात पुन्हा छापला होता. ते रिप्रिंट आहे असं त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. खरवडलेली जागा नेमकी तीच. दोन आठवड्यांनी दुसऱ्या शोमध्ये एका म्हाताऱ्या विक्रेत्याने हे मला अर्ध्या मिनिटात दाखवलं.

ज्यांना मी मूर्ख वाटतोय त्यांनी होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं सगळ्यात गाजलेलं कार्ड आठवावं. हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ते १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतलं, तज्ज्ञांनी त्याला १० पैकी ८ गुण दिले. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, हे लिलाववाल्या बिल मॅस्ट्रोने कबूल केलं ते २०१३ मध्ये. तज्ज्ञ फसतात, तर मी कोण?

६४० वर सौदा ठरला. २०० रोख, ४४० मोबाइलवरून. “मित्र-नातेवाईक हा पर्याय निवडा, नाहीतर मला फी पडते,” म्हणाला. असं कुणी म्हणालं की तिथून निघा. त्या पर्यायात पैसे परत मिळवायला काही आधार राहत नाही.

बँकेने तेच ऐकवलं : पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. शो भरवणारा म्हणाला, मी फक्त टेबलं भाड्याने देतो. त्या माणसाने टेबलाचं भाडं रोख दिलं होतं आणि नाव नुसतं पहिलं. पोलिसांनी चाळीस मिनिटं बसवून ठेवलं आणि सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. बरं, दिवाणी तर दिवाणी. इथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात ५,००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, पण त्याला प्रतिवादीचं नाव-पत्ता लागतो. नाव-पत्ता कोण शोधणार? पोलीस म्हणतात आमचं काम नाही. ग्राहक तक्रार कार्यालयात सहा पानी फॉर्म भरला, तर उत्तर आलं की आधी विक्रेत्याशी संपर्क साधा. अहो, त्याचा फोन बंद आहे, हे मी पहिल्याच पानावर लिहिलंय! ते वाचलं कुणी? आणि कायदा बघायला गेलो तर आणखी संताप. १९७३च्या हॉबी प्रोटेक्शन ॲक्टप्रमाणे नकली नाण्यावर ‘कॉपी’ असं उमटवावंच लागतं. निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांच्या नकलांवरही वर्ष घालावं लागतं. खेळाडूंची कार्डं त्या कायद्यात नाहीतच. मुलांच्या हातात सगळ्यात जास्त जातं ते वाऱ्यावर.

खिशात सहा इंची पट्टी ठेवा. ज्या वर्षाचं कार्ड घ्यायचंय, त्या वर्षाचं एक साधं, स्वस्तातलं कार्ड जवळ असू द्या आणि वर ठेवून बघा. विक्रेत्याच्या टेबलाचा आणि त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, लाजू नका. कडक प्लास्टिकच्या पाकिटातून (टॉपलोडरमधून) कार्ड बाहेर काढायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून काहीच घेऊ नका. आणि पोरांचं ऐका.

ते कार्ड मुलाने डब्यात ठेवायला नकार दिला. माझ्यानंतर ते कुणाच्या गळ्यात पडू नये, म्हणून परवा त्याच्यासमोर बसून मी विली मेजच्या चेहऱ्यावरून आडवं, पक्क्या शाईच्या काळ्या मार्करने लिहिलं : रिप्रिंट, १९८३.