भिंतीवरच्या सांबराच्या डोक्याची 'सफाई' आणि आमचे गेलेले २७,५०० रुपये

ज्यांच्या घरी जुनं पेंढा भरलेलं हरणाचं किंवा सांबराचं डोकं भिंतीवर आहे त्यांनी हे पूर्ण वाचा. अशी डोकी साफ करून देतो म्हणत पैसे उकळणारा हा माणूस अजून मोकळा फिरतोय आणि त्याला अशीच घरं हवी असतात.

आधी आकडे. सफाईचा ॲडव्हान्स ६,००० रोख. 'किड्यांचं केमिकल' ४,५०० रोख. 'वन खात्याची परवानगी फी' ९,२०० ऑनलाइन. 'तुमच्यावर तक्रार आलीय, वरच्या वर मिटवतो' म्हणून ७,८०० ऑनलाइन. एकूण २७,५००. डोक्याचं वाटोळं केलं ते वेगळंच, त्याला किंमत नाही, कायद्याने ते विकता येत नाही आणि आम्हाला विकायचंही नव्हतं.

आमच्याकडचं डोकं आजेसासऱ्यांच्या वेळचं, १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या कितीतरी आधीचं. सासऱ्यांच्या नावाने ओनरशिप सर्टिफिकेट (वन खात्याचा मालकीचा दाखला) होतं, सासरे गेल्यावर ९० दिवसांच्या आत अर्ज देऊन ह्यांच्या नावावर करून घेतलं, म्हणजे आम्ही कागदाच्या बाबतीत एकदम चोख माणसं. फक्त डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक तडा गेला होता, नाकावर पांढरट थर आला होता आणि एका कानामागचे केस विरळ झाले होते. एवढ्यासाठी माणूस शोधत होतो. कुणीतरी ग्रुपवर नंबर दिला. आधीचे-नंतरचे फोटो सुंदर, बोलणं गोड, त्याचे आजोबा म्हैसूरच्या व्हॅन इंगन ह्या पेंढा भरणाऱ्या नावाजलेल्या कंपनीत कामाला होते म्हणे. ती कंपनी केव्हाच बंद झाली, आता विचारणार कुणाला?

आता तो क्षण, ज्याच्यावरून मला अजून रात्री झोप लागत नाही. त्याने डोकं खाली उतरवलं, खाली पांढरा कागद पसरला, मानेवर दोन थापा मारल्या आणि कागदावर चार-पाच अळ्या पडल्या. वळवळत होत्या. "बघा ताई, आतून पोखरलंय, अजून महिनाभरात कातडं गळून पडलं असतं." माझ्या तर अंगावर काटाच आला. पण त्या अळ्या पांढऱ्या आणि गुळगुळीत होत्या, धान्यात निघतात तशा! कातडं आणि केस खाणारे जे कार्पेट बीटल असतात त्यांची अळी तपकिरी असते आणि तिच्या अंगावर राठ केस असतात. आणि खरोखर कीड असती तर आधीच भिंतीवर, डोक्याखाली टाकलेल्या कातींची टरफलं सापडली असती, बारीक भुसा पडला असता, केसांचे झुपके निघाले असते. मी दर आठवड्याला ती भिंत झाडते, तिथे कधी काहीही नव्हतं. अळ्या त्याच्या बाहीत किंवा मुठीत होत्या, दुसरं काही असूच शकत नाही. हे आज कळतंय, पण सांगा ना, घरात वळवळणाऱ्या अळ्या बघून कोण बाई त्यांचा रंग बघत बसेल? तिथल्या तिथे ४,५०० काढून दिले, आणि माझ्या जागी कुणीही दिलेच असते.

मग त्याने काय केलं ते नीट वाचा, म्हणजे तुमच्या घरी कुणी हे करायला लागलं तर हात धरता येईल. शाम्पूच्या पाण्याने अख्खं डोकं भिजवलं. जुन्या डोक्याच्या आत कागदाचा लगदा नाहीतर प्लास्टर असतं, ते पाणी पितं, कातडं सैल होतं आणि वाळताना आक्रसून फाटतं. केस उलट्या दिशेने खसाखसा घासले, सांबराचे केस आतून पोकळ असतात, ते तुटतात. मग कसलंतरी तेल चोपडलं आणि नाकावर जाड काळा चकचकीत रंग फासला. त्या दिवशी मात्र नवीन दिसत होतं हो! पाहुण्यांनी कौतुक केलं. नंतर तेलावर धूळ अशी बसली की केसांच्या जटा झाल्या, नाकाचा रंग पापुद्रे सुटून पडला, डोळ्याजवळच्या बारीक तड्यात आता नख जातं.

हे सगळं कोरड्या मऊ ब्रशने, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने होणारं काम होतं. व्हॅक्युम वापरायचा तर तोंडाला जाळीचं कापड बांधून, अगदी कमी जोरावर. काचेचे डोळे कानकोरण्याच्या कापसाने, तोही जेमतेम ओलसर. शिंगांवर ओलसर फडकं, बस. आणि मास्क-ग्लोव्ह्ज घालून करा, जुन्या कामात कातड्याला आतून विषारी आर्सेनिक लावलेलं असायचं, फुंकर तर अजिबात मारू नका. तो माणूस उघड्या हाताने करत होता, ह्यावरूनच त्याला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं हे सिद्ध होतं.

काम झाल्यावर फोन सुरू. दुरुस्ती केल्याची नोंद वन खात्यात करावी लागते, नाहीतर गुन्हा, फी ९,२००. शिक्क्याचा पीडीएफ पण पाठवला. मग 'शेजाऱ्याने तक्रार केलीय'. वन्यजीव कायद्याचं नाव काढलं की साधा माणूस घाबरतोच, त्यात घरात म्हातारी सासू. सरकारी फी कधीच कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर भरायची नसते. टॅक्सिडर्मीचा, म्हणजे प्राण्यांत पेंढा भरण्याचा, धंदा करायला ह्याच कायद्याच्या कलम ४४ खाली लायसन्स लागतं, आधी ते मागा, तिथेच हे लोक पळतात.

आता अधिकाऱ्यांचं ऐका. पोलिस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, "हे मुंडकं तुमच्या घरात आलंच कसं?" अहो फसवणूक आमची झालीय! सर्टिफिकेट दाखवलं, त्याची झेरॉक्स, आधार, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, सगळं मागितलं, आणि चोराचा नंबर मात्र कुणी लिहूनही घेतला नाही. म्हणे प्राण्याचं प्रकरण आहे, वन खात्यात जा. वन खात्यात साहेब पीडीएफ बघून म्हणाले शिक्का आमचा नाही, म्हणजे विषय आमचा नाही, पोलिसांत जा. तुमच्या नावाचा खोटा शिक्का मारून लोक लुटतायत आणि विषय तुमचा नाही? मग कुणाचा? बँकेत सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. रोख दिलेल्या पैशांबद्दल तर कुणी ऐकूनही घेत नाही, पावती आहे का विचारतात. परत पोलिसांत गेलो तर सही करणारे साहेब बंदोबस्ताला. आम्ही कर भरतो, कागद चोख ठेवतो, आणि गुन्हेगारासारखे बाकड्यावर आम्हीच बसतो.

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासाला, आम्ही पोलिस स्टेशनच्या फेऱ्यांत तो वेळ घालवला. रोख देऊच नका. डोकं हातात द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, डोळ्याचा कोपरा, नाक, कानाची मागची बाजू जवळून. ऊन आणि एसीचा झोत ह्यांपासून लांब टांगा, तडे त्यानेच जातात. खरी कीड दिसली तर जाड प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून मोठ्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० डिग्रीला दोनेक आठवडे ठेवतात, म्युझियमवालेही हेच करतात, कुणाचं जादूचं केमिकल लागत नाही.

आणि शिक्क्याचा असा पीडीएफ अजून कुणाला आला असेल तर डिलीट करू नका. लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका, आमच्या एकट्याच्या अर्जावर ते नुसतं पाहतो-पाहतो करतायत.