क्लिप-ऑन एरोबार: स्प्रिंटला चैन, लांबच्या शर्यतीला गरज

स्प्रिंट ट्रायथलॉनमधल्या (पोहणं, सायकल, पळणं यांची छोटी शर्यत) २० किलोमीटर सायकलिंगसाठी एरोबार, म्हणजे हँडलबारवर बसवायचे, कोपर पॅडवर टेकवून पुढे झुकून धरायचे दांडे, घ्यावेत का? नुसत्या स्प्रिंटसाठी नकोत. वळणं जास्त असतील तर हात सारखे ब्रेकवरच राहतात आणि सव्वातीनशे-पाचशे ग्रॅमचं ओझं उगाच वाहावं लागतं. पण पुढे ९० किंवा १८० किलोमीटरची शर्यत असेल, तर छोट्या शर्यती ही रंगीत तालीम. खरी परीक्षा सायकलवर नसतेच. ती उतरल्यावर पळण्याच्या पहिल्या किलोमीटरला होते.

एरोबारचा क्लॅम्प (हँडलबारवरची पकड) बहुधा ३१.८ मिलिमीटरच्या गोल हँडलबारसाठी असतो. चपट्या एरो हँडलबारवर तो बसत नाही. कार्बनवर बसवण्याआधी हँडलबारच्या कंपनीची परवानगी पाहा. बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळा, आकडा क्लॅम्पवर छापलेला असतो. सैल राहिला तर पहिल्याच खड्ड्यात पॅड खाली फिरतात.

रोड बाइकवर नुसते बार लावले की मांडी पोटाला टेकते आणि पळताना पाय जड होतात. सीट १-२ सेंटिमीटर पुढे घ्या, गरजेप्रमाणे किंचित वर. पॅडखाली स्पेसर (उंची वाढवणारे तुकडे) ठेवून उंच सुरुवात करा, मान सरावली की एकेक काढा. ज्यात स्पेसर मिळत नाहीत तो जोड स्वस्त असला तरी घेऊ नका.

ड्राफ्टिंगची (पुढच्या सायकलच्या अगदी मागे राहून वारा चुकवण्याची) मुभा असलेल्या शर्यतीत एरोबारवर सहसा बंदी असते. नियम आधी वाचा, बार काढावे लागले तर ॲलन की सोबत ठेवा.