टायर पाच वर्षांचे, वॉरंटी भलत्याच कंपनीची: माझे ४४,७०० रुपये

ज्यांच्या गाडीची कंपनीची वॉरंटी संपत आली आहे त्यांनी हे वाचाच. माझे ४४,७०० रुपये गेले. रस्त्यावरच्या भामट्याने नाही नेले. पूर्व उपनगरातल्या एका अधिकृत शोरूमच्या वर्कशॉपमध्ये, गळ्यात ओळखपत्र घातलेल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने नेले.

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. गणपतीला गावी जायचं होतं, म्हणून गाडी सर्व्हिसिंगला टाकली. तीन वर्षांची वॉरंटी त्याच महिन्यात संपत होती. त्याने कंप्युटरवर ते पाहिलं आणि सुरू झाला. “मॅडम, उद्या एसीचा कंप्रेसर गेला तर तीस-पस्तीस हजार. आज एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नाहीत तर परत मिळणार नाही.” मग गाडी लिफ्टवर चढवून मला खाली बोलावलं, टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “हे टायर घेऊन कशेडी घाट उतरणार? मागे मुलं बसतात ना?”

मुलांचं नाव काढल्यावर कोणती आई हिशेब करत बसेल? आमच्या पंक्चरवाल्याने आदल्याच महिन्यात सांगितलं होतं, ताई, अजून दहा हजार किलोमीटर आरामात जातील. गाडी चालली होती ३१,००० किलोमीटर. पण कंपनीचं शिक्षण घेतलेला माणूस लिफ्टखाली उभा राहून सांगतो तेव्हा त्याचंच ऐकलं जातं. कायद्याने कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. ती मोजायचं साधन वर्कशॉपमध्ये असतं. नुसतं बोट फिरवून ‘गेले’ म्हणणाऱ्याला आधी माप दाखवायला सांगा. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. हे घरीसुद्धा दिसतं.

हिशेब असा झाला. दोन वर्षांची वॉरंटी १६,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,८८०. चार टायर प्रत्येकी ६,३५० प्रमाणे २५,४००. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्ह मिळून १,६२०. जुन्या टायरचे १,२०० वजा. एकूण ४४,७००.

आणि आता तो क्षण, जो आजही रात्री डोळ्यांसमोर येतो. सर्व्हिसिंगचे पैसे मी रोखपालाच्या काउंटरवर भरले, त्याचं व्यवस्थित बिल मिळालं. वॉरंटी आणि टायरचे मात्र त्याने स्वतःच्या टेबलावर घेतले. क्यूआर कोडची पाटी पुढे सरकवली. मी स्कॅन केला तर स्क्रीनवर शोरूमचं नाव नाही, कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. मी विचारलंसुद्धा! “हे कोणाचं नाव?” तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, “आमचं अ‍ॅक्सेसरीजचं वेगळं खातं आहे, मॅडम.” काउंटर समोर दिसत होता. मागे माणसं उभी होती, मुलाला क्लासहून आणायची वेळ झाली होती. दुकानातच बसलेला माणूस दुकानाचं खातं म्हणून सांगतो तेव्हा त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? मी पिन टाकला. याच भिडेवर त्यांचा धंदा चालतो. स्क्रीनवर दुसरं नाव दिसलं की फोन खाली ठेवा आणि काउंटरवर जा. मागची माणसं थांबतील.

मे २०२५ मध्ये एसीने गरम हवा फेकायला सुरुवात केली. कंप्रेसरच गेला होता, अंदाज दिला ३३,७४० रुपयांचा. मी निर्धास्त होते. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये चॅसिस नंबर टाकून पाहिलं तर एक्स्टेंडेड वॉरंटीची नोंदच नाही. ईमेलवर आलेलं प्रमाणपत्र पुन्हा उघडलं. वर गाडीच्या कंपनीचं नाव ठळक, तळाला बारीक अक्षरांत भलतीच कंपनी, आणि न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत एसीची पूर्ण यंत्रणा. ज्या कंप्रेसरची भीती घालून विकलं, तोच त्यात नव्हता. कंपनीची खरी वॉरंटी चॅसिस नंबरवर चढते आणि अधिकृत वर्कशॉपच्या कंप्युटरवर दिसते. पैसे देण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन करून विचारा. आणि क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर यांची झीज वॉरंटीत येते असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. देणार नाही.

मग संशय आला म्हणून टायरवाल्याकडे गेले. त्याने चाक काढलं, आतली बाजू फिरवून दाखवली. चार आकडे: ३११९. म्हणजे २०१९ सालचा एकतिसावा आठवडा. नवे म्हणून विकलेले टायर बसवले तेव्हाच पाच वर्षांचे होते. तारखेचे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि चारही टायर ती बाजू आत ठेवून बसवलेले. बिलावर फक्त ‘टायर ४ नग’, ना कंपनीचं नाव ना नंबर. त्या टायरांवर आम्ही पावसात घाट उतरलो. पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे. टायर रिमवर चढण्याआधी तारीख वाचा, फोटो काढा, आकडे बिलावर लिहून घ्या.

शोरूमने हात वर केले: तो मुलगा आता आमच्याकडे नाही, त्या खात्याशी आमचा संबंध नाही. ओळखपत्र कोणी दिलं होतं? टेबल कोणाचं होतं? गाडीच्या कंपनीने सांगितलं की डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात तर दोन तास बाकड्यावर बसवून विचारलं, “पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत ना? मग हा दिवाणी मामला.” खोटं सांगून माणसाला स्वतःच्या हाताने पैसे द्यायला लावणं, यालाच तर कायदा फसवणूक म्हणतो! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ तेच सांगतं. मी ते छापून नेलं होतं. साहेबांनी कागद न वाचता परत केला, अर्जावर पोच द्यायलासुद्धा खळखळ केली. शिकल्यासवरल्या बाईने तक्रार केली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, तुम्हाला कळलं कसं नाही? ज्याने फसवलं त्याला कोणी काही विचारत नाही.

पोच मी घेतलीच. तुम्हीही घ्या, त्याशिवाय उठू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. आता मी वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. अर्जासोबत यूपीआयचा स्क्रीनशॉट, प्रमाणपत्र, बिल आणि टायरच्या आकड्यांचे फोटो जोडले आहेत.

मुंबईत २०२४ मध्ये कोणी अशाच अ‍ॅक्सेसरीजच्या खात्यात वॉरंटीचे पैसे भरले असतील, तर यूपीआयच्या यादीत ते नाव आजच शोधा आणि गाडीचा चॅसिस नंबर कंपनीकडे तपासून घ्या. कंप्रेसर जाईपर्यंत थांबू नका.