न झालेल्या खर्चाची वसुली

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, नाशिककडच्या कुठल्याही एमआयडीसीत नव्याने कामाला लागणाऱ्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी नोकरीच्या बाँडचा माझा हा अनुभव वाचावा म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव घालत नाही, कारण पैशांचा वाद अजून मिटलेला नाही.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. आधी सातपूरच्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटीला होते. मग अंबडच्या एका बऱ्यापैकी मोठ्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत माझी निवड झाली. हातात २२,००० पडणार होते. ऑफर लेटरमध्ये बाँडचं, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी सोडणार नाही अशा कराराचं, नावही नव्हतं. जुन्या ठिकाणी राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला आणि जॉइन व्हायला गेले. तिथे एचआरच्या मॅडमनी जॉइनिंगच्या गठ्ठ्यातून स्टँप पेपरवरचा करार पुढे सरकवला. "फॉर्मॅलिटी आहे गं, सगळेच करतात. कंपनी तुझ्यावर ट्रेनिंगचा खर्च करणार ना, म्हणून."

करारात लिहिलं होतं की दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर ट्रेनिंगच्या खर्चापोटी १,८०,००० रुपये भरायचे. सोडल्यावर पुढची दोन वर्षं नाशिक जिल्ह्यात अशाच दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही, हेही होतं. वर सही केलेले दोन कोरे चेक, आणि डिप्लोमाच्या ओरिजिनल मार्कशीट 'व्हेरिफिकेशनसाठी' जमा. कराराची प्रत मागितली तर "मेल करते" म्हणाल्या. प्रत मिळणार नाही याचा अंदाज आला, म्हणून मी तिथेच मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले. पुढे तेच कामाला आले.

सगळी मेख या वेळेतच आहे. ऑफर देताना हा कागद दाखवला असता तर मी होते तिथेच राहिले असते, आणि ते त्यांनाही ठाऊक असतं. म्हणून जुनी नोकरी सुटलेली आणि नवीचं पंचिंग कार्डही हातात आलेलं नाही, असा मुहूर्त साधून तो कागद बाहेर काढला जातो. अशा वेळी नाही म्हणणार कोण?

आता ट्रेनिंगबद्दल सांगते, कारण खरी फसवणूक तिथे आहे.

करारात 'सहा आठवड्यांचं विशेष प्रशिक्षण, पुणे' असं लिहिलं होतं. पुण्याला कुणीच गेलं नाही. आमच्या विभागात नवं सीएमएम आलं, म्हणजे सुट्या भागांची मापं मायक्रॉनमध्ये घेणारं मशीन. ग्रॅनाइटचं जाड टेबल, त्याच्यावरून मागेपुढे सरकणारा पूल आणि खाली प्रोब. प्रोबच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहूनही लहान लाल रुबी बॉल असतो. तो कुठे आपटला तर आख्ख्या डिपार्टमेंटची पाचावर धारण बसते. खोली २० अंशांवर ठेवावी लागते, नाहीतर मापं हलतात. मशीन विकणाऱ्या कंपनीचा ॲप्लिकेशन इंजिनिअर आला, त्याने मशीन बसवलं, कॅलिब्रेशन केलं आणि आम्हा चौघांना प्रोब क्वालिफाय कसा करायचा, अलाइनमेंट कसं घ्यायचं, प्रोग्राम कसा लिहायचा हे शिकवलं. आठवडाही पुरा नाही. तेसुद्धा डिस्पॅचचे खरे पीस मोजता मोजता, म्हणजे कंपनीचं काम एक तासही थांबलं नव्हतं. माणूस मनापासून शिकवणारा होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जाताना त्याने त्याच्या कंपनीच्या लेटरहेडवर आम्हाला सर्टिफिकेट दिलं. माझ्यावर झालेलं 'विशेष प्रशिक्षण' ते एवढंच.

हे शिकवणं मशीनच्या किमतीतच धरलेलं होतं. मी हे ऐकीव सांगत नाही. आयएटीएफ १६९४९, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांच्या उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड, त्याच्या ऑडिटसाठी प्रत्येक मशीनची फाइल आणि प्रत्येक माणसाचा ट्रेनिंग रेकॉर्ड ठेवावा लागतो, आणि त्या फायली लावायचं काम माझ्याकडेच होतं. पर्चेस ऑर्डरच्या अटींमध्ये इन्स्टॉलेशन, कमिशनिंग आणि ऑपरेटर ट्रेनिंग किमतीत समाविष्ट असल्याचं मी स्वतः वाचलंय. ट्रेनिंग रेकॉर्डमध्ये प्रशिक्षकाच्या रकान्यात मशीन पुरवणाऱ्या कंपनीचं नाव मीच लिहिलंय. मग माझ्या नावावरचे १,८०,००० गेले कुणाला? आम्ही चौघं होतो आणि चौघांच्याही करारात हाच आकडा होता. कंपनीला जे फुकट मिळालं, त्यावर आमच्याकडून ७,२०,००० वसूल करायची सोय त्यांनी करून ठेवली होती.

निम्म्याहून जास्त मुदत भरल्यावर मला सिन्नरला चांगली संधी मिळाली. रीतसर राजीनामा दिला, नोटीस पूर्ण केली, माझ्या जागी आलेल्या मुलाला सीएमएम शिकवून निघाले. त्याच्या ट्रेनिंगचा खर्च कुणाच्या नावावर टाकला असेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

मग पत्र आलं. १,८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी ३२,४००, असे २,१२,४०० रुपये सात दिवसांत भरा. भरलेल्या मुदतीची एक रुपयाचीही सूट नाही. शेवटचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे अडवलेले, आणि तेही या रकमेतून वजा केलेले नाहीत.

माझ्याकडून पैसे येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वडिलांना फोन केला. फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्यांचा नंबर दिलेला होता. "काका, मुलीच्या करिअरचा प्रश्न आहे. नव्या कंपनीचं व्हेरिफिकेशन आलं तर आम्हाला ॲब्स्काँडिंग, म्हणजे न सांगता पळून गेली, असं लिहावं लागेल. सध्या ६०,००० भरा, रिलीव्हिंग लेटर लगेच देतो, विषय संपवू." पप्पांनी मला न सांगता एफडी मोडली आणि पैसे पाठवले. लेटर आलं नाही. आठवड्याने उत्तर आलं की हा पहिला हप्ता होता, बाकीचे कधी भरताय? पावती मागितली तर तीही नाही. आयुष्यभर कुणाचं एक पैशाचं देणं न ठेवलेल्या माणसाला मुलीच्या नावाने धाक घालून पैसे काढले, हे मी विसरू शकत नाही.

नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. मला मिळालेल्या वकील ताईंनी मोबाइलवरचे फोटो वाचले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बिलं कुठे आहेत?"

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. बाँड म्हणजे बेकायदेशीरच, असं कट्ट्यावर सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. विजया बँकेच्या प्रकरणात १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. म्हणजे कागद कोर्टात टिकू शकतो. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलंय. म्हणून ट्रेनिंग कुणी दिलं, बिल किती आलं, कंपनीच्या कुठल्या खात्यातून ते चुकतं झालं, हे मागायचं, आणि लेखी मागायचं. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही ही अट तर कलम २७ खाली रद्दबातलच आहे.

जीएसटीची गंमत वेगळीच. गंमत कसली, चीड येते. बाँडच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक १७८/१०/२०२२, स्पष्ट केलेलं आहे. कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. सरकारचं नाव घेतलं की साधा माणूस घाबरून भरतो, एवढाच त्यामागचा हिशोब.

सगळ्यात मोठा धोका त्या कोऱ्या चेकचा निघाला. "कोरा होता, रक्कम मी लिहिलेली नाही" हे म्हणणं पुरत नाही. सही तुमची असेल तर देणं होतं असंच कायदा गृहीत धरतो, आणि ते नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे तसा. चेक वटला नाही की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येते, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, आणि पुढे फौजदारी केस. बँकेला सांगून नुसतं स्टॉप पेमेंट केलं, म्हणजे चेक थांबवला, तरी सुटका होत नाही. म्हणून ताईंनी आधी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं: अमुक नंबरचे दोन चेक केवळ तारण म्हणून घेतलेले आहेत, माझं कुठलंही देणं नाही, ते परत करा. चेक भरण्याच्या आधीच्या तारखेचं असं पत्र हातात असणं फार मोलाचं. चेकचे नंबर मला पासबुकाला जोडलेल्या जुन्या स्लिपवर सापडले.

पीएफ अडवण्याची धमकीही आली होती. ती पोकळ असते. तुमच्या खात्यातला पीएफ कंपनीच्या वसुलीसाठी वळवता येत नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर दोन महिन्यांनी ती आपणच पीएफच्या पोर्टलवर टाकू शकतो. मी तसंच केलं.

वकिलाचं पत्र गेल्यावर सूर बदलला. जीएसटी आपोआप गळाला. मग "एक लाखात मिटवू" असा फोन आला. ताईंनी परत एकच ओळ लिहिली, बिलं पाठवा. बिलं आजपर्यंत आलेली नाहीत. पण रिलीव्हिंग लेटर आणि मार्कशीट कुरिअरने आल्या. एक चेक परत आला, दुसरा 'सापडत नाही' म्हणे. त्या चेकबद्दल कंपनीला आणि बँकेला लेखी कळवून दोन्हीकडची पोच घेतलीय.

अडवलेला पगार, रजेचे पैसे आणि पप्पांचे ६०,००० यासाठी कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिलाय. त्याचं काम चालू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचं बंधन आहे. ज्यांचा पगार त्यानंतर अडकलाय त्यांनी अर्जात हे जरूर लिहावं. माझ्याबरोबर शिकलेल्या तिघांपैकी दोघं अजून तिथेच आहेत आणि दोघांचेही कोरे चेक एचआरच्या कपाटात आहेत. त्यांना मी चेकचे नंबर शोधून ठेवायला आणि कराराची प्रत मेलवर मागायला सांगितलंय. मेलला उत्तर नाही आलं तरी मागितल्याचा पुरावा राहतो. आणि घरी फोन आलाच तर बिल आणि पावती हातात पडेपर्यंत एक रुपयाही पाठवायचा नाही, हे त्यांनी आईवडिलांना आत्ताच सांगून ठेवावं.