जबड्याची झीज : मूळपेशी घ्याव्यात की सांधा धुऊन घ्यावा?

दोन्ही उपचारांची चौकशी मी स्वतःच्या उजव्या जबड्याच्या झिजलेल्या सांध्यासाठी केली आणि अखेर सांधा धुऊन घेतला, त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो.

मूळपेशींचे आकर्षण मला पूर्ण समजते. आपल्याच कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून त्यातील पेशी सांध्यात सोडायच्या आणि झिजलेला भाग भरून येण्याची वाट पाहायची, ही कल्पना वेदनेने त्रासलेल्या माणसाला मोठा धीर देते. आर्थ्रोसेंटेसिस, म्हणजे सांधा धुणे, असे काही कबूल करत नाही. कानापुढे दोन सुया घालून सांधा सलाईनने धुतात. त्याने दाह उतरतो आणि सांध्यात अडकलेली चकती सैल होते, इतकेच.

माझा निर्णय झाला तो मूळपेशींच्या संमतिपत्रावर. उपचार म्हणून ज्याचे पैसे आगाऊ मागितले जात होते, त्याच्याच कागदावर आतल्या पानात ‘प्रायोगिक’ असा शब्द होता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांतील मान्य प्रत्यारोपण सोडल्यास मूळपेशींचा वापर हे संशोधनच ठरते आणि त्याचा खर्च रुग्णाकडून घेता येत नाही. म्हणून मी त्या क्लिनिककडे या संशोधनाच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक तीन वेळा मागितला आणि तिन्ही वेळा पॅकेजचे दरपत्रकच हाती आले. गुडघ्याच्या झिजेसाठी ‘स्टेम्प्युसेल’ या मूळपेशींच्या औषधाला २०२२ मध्ये मान्यता मिळाल्याचे कात्रणही मला दाखवण्यात आले, परंतु त्या पेशी दात्याच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात आणि ती मान्यता गुडघ्यापुरती आहे. जबड्याच्या सांध्यातील कूर्चा तंतुमय असते आणि मध्ये चकती असते, म्हणून गुडघ्याचा दाखला येथे जसाच्या तसा लागू करणे मला पटले नाही.

धुण्यापूर्वी तोंडात दोन बोटे जेमतेम जात होती. पंधरा दिवसांत तीन जाऊ लागली आणि आमटीत न कुस्करता ज्वारीची भाकरी चावता आली. रात्री दातांवर बसवायचे स्प्लिंट आणि व्यायाम सोबत होतेच, तेव्हा सगळे श्रेय सुयांना देता येणार नाही. चावताना होणारी करकर अजून गेलेली नाही. हाड फार झिजलेल्या रुग्णाचा हिशेब वेगळा असू शकतो, आणि नोंदणीकृत चाचणीत विनामूल्य प्रवेश मिळत असेल तर मीही पुन्हा विचार करीन. मात्र मिळालेला क्रमांक सीटीआरआयच्या (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीच्या) संकेतस्थळावर टाकून, तेथे जबड्याच्या सांध्याचाच उल्लेख आहे ना, हे सहीपूर्वी वाचून घ्यावे.