नोकरी सांभाळून नीट, की राजीनामा देऊन?

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आठ-दहा वर्षं काढून, किंवा एम.टेक., पीएच.डी. पुरी करून एमबीबीएसकडे वळणाऱ्याला वय आता आड येत नाही; नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये निघाली. (एएफएमसी, म्हणजे पुण्यातलं लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय, तेवढं यादीतून काढा. तिथे २४ वर्षांची अट अजून आहे, आणि उमेदवार अविवाहित लागतो.) बारावीला जीवशास्त्र नव्हतं त्यांनाही तो एक विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) जादा म्हणून देता येतो, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मान्य केलं. मग अडतं ते एकाच ठिकाणी: नोकरी चालू ठेवायची की सोडायची? मी सोडली. तरीही नोकरी न सोडणारे चुकतात असं मला म्हणवत नाही.

घराचा हप्ता चालू असेल, पाठीशी दुसरा पगार नसेल, तर नोकरी धरूनच तयारी करावी. एखादी संधी हुकली तरी घर चालतं, आणि परीक्षेच्या खोलीत ते जाणवतं. अभियंत्याला भौतिकशास्त्र संध्याकाळच्या तासाभरातही जमतं, कारण पाया असतो. फक्त सूत्र मुळापासून सिद्ध करत बसण्याची सवय मोडावी लागते. तिथे ४५ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला दीड मिनिटाच्या आसपास मिळतं. रसायनशास्त्रात पुस्तकं जपून निवडा. एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्तीतून पी-ब्लॉक मूलद्रव्यांचा भाग गेला आहे, पण नीटच्या अभ्यासक्रमात तो आहे. उलट सॉलिड स्टेट आणि सरफेस केमिस्ट्री अभ्यासक्रमातून गेले, आणि जुन्या नोट्स वापरणारे त्यावर आठवडे घालवतात.

माझं पारडं राजीनाम्याकडे झुकलं ते शनिवार-रविवारमुळे. २०२५ पासून पेपर १८० प्रश्नांचा आणि १८० मिनिटांचा झाला. आधीच्या तीन वर्षांत २०० मिनिटं होती आणि काही प्रश्न सोडून द्यायची मुभा होती; आता दोन्ही नाही. त्यामुळे वेगाची तालीम पूर्ण पेपर सोडवूनच होते, आणि तीही दुपारी २ ते ५ याच वेळेत, कारण जेवणानंतरची सुस्ती हा परीक्षेचाच भाग आहे. माझ्या हिशेबात जीवशास्त्राचे ९० प्रश्न ४८ मिनिटांत, रसायन ५० मिनिटांत, भौतिक ७५ मिनिटांत. उरलेली सात मिनिटं ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, तपासायला. नोकरीत असा पेपर फक्त शनिवारी जमतो.

पेपरानंतरचं काम त्याहून मोठं असतं. चुकांचे तीन ढीग करायचे: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, घाईत चुकलं. प्रामाणिकपणे केलं तर पाच-सहा तास जातात, म्हणजे रविवार संपला. मधला ढीग बहुतेक जीवशास्त्राचा निघतो: वनस्पतींची उदाहरणं, संप्रेरकं, आकृत्यांवरची नावं. ७२० पैकी ३६० गुण याच विषयाचे. हे डोक्यात टिकवायचं तर प्रकरण वाचल्यावर साधारण तिसऱ्या, दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी परत चाळावं लागतं. ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा आला किंवा ऑन-कॉल ड्युटी लागली की दहावा दिवस हुकतो, आणि मग उजळणी उरत नाही, ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणाऱ्याचे दोन-अडीच तास रस्त्यातच जातात, ते वेगळे. भौतिकशास्त्र आठवडाभर तसंच ठेवलं तरी चालतं. जीवशास्त्राचं तसं नाही.

राजीनाम्याची बाजूही सोपी नाही. दिवसभर मोकळा असला की अकरा वाजेपर्यंत काहीच होत नाही, म्हणून घरी बसू नये. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याची जागा घ्यावी. शेजारी एमपीएससीची मुलं सकाळी सातला बसलेली असतात, त्याचा चांगला धाक राहतो. पैशांचा हिशेबही तयारीच्या वर्षापुरता करून भागत नाही. साडेचार वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप धरून बेरीज करावी, तीही सरकारी जागा मिळेल असं समजून. अभिमत विद्यापीठाचं शुल्क बचतीतून भागवायचा विचार करू नये.

माझा कल विचारलात तर: सोडावी, पण जूनमध्ये नाही. जून ते सप्टेंबर नोकरीतच राहून एनसीईआरटीचं जीवशास्त्र एकदा पूर्ण करा आणि चार पूर्ण पेपर सोडवा. जीवशास्त्रात ३६० पैकी २७०च्या पुढे जात असाल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राजीनामा द्या. नोटीस ९० दिवसांची असेल तर जानेवारीच्या सुरुवातीला सुटका होते आणि मेच्या पहिल्या रविवारपर्यंत सतरा आठवडे हाती राहतात. २७० गाठले नाहीत तर ते वर्ष नोकरीतच काढलेलं बरं. आणि कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी बंद होतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याचा अर्ज नोटीस चालू असतानाच करून ठेवा.